आर-३३ वाढवायचाय? आधी डाय कुठे जातोय ते बघा

माझी फिल्म म्हणजे काचेवर पसरलेला, डाय (रंग) मिसळलेल्या प्लॅस्टिकचा पातळ थर. ती गरम करून विद्युतक्षेत्राने आतले डायचे रेणू रांगेत उभे करायचे, हे पोलिंग. व्होल्टेज दिल्यावर अशी फिल्म प्रकाशावर किती परिणाम करते त्याचा आकडा म्हणजे आर-३३. पोलिंग झाल्यावर माझी फिल्म आधीपेक्षा फिकी दिसायची, आणि फिकी दिसली की मला आनंद व्हायचा. कारण तसंच शिकवलेलं असतं. डायचे लांबट रेणू फिल्ममध्ये आडवेतिडवे पडलेले असतात तेव्हा समोरून येणारा प्रकाश ते भरपूर शोषतात. विद्युतक्षेत्राने ते उभे राहू लागले की शोषण उतरतं. म्हणजे फिल्म जितकी फिकी, तितके रेणू रांगेत. तीन महिने मी याच समजुतीवर काम केलं. शोषण पंचवीस टक्क्यांनी उतरलेलं दिसत होतं, पण इलेक्ट्रो-ऑप्टिक सिग्नल, म्हणजे व्होल्टेजने प्रकाशात होणारा बदल, काही केल्या वाढत नव्हता.

दिवाळीला इचलकरंजीला गेले. माझे काका आयुष्यभर कापडाच्या प्रोसेसमध्ये होते, पॉलिएस्टर रंगवायच्या खात्यात. तू कसला रंग वापरतेस म्हणून त्यांनी सहज विचारलं. डिस्पर्स रेड वन म्हटल्यावर ते लगेच म्हणाले, "अगं, तो उडतोय की! स्टेंटरला ताव जास्त झाला की कापडातनं निघून जातोय. शेजारच्या पांढऱ्यावर गुलाबी झाक येती." स्टेंटर म्हणजे कापड ताणून गरम हवेतून काढायचं यंत्र.

पुण्याला परतल्यावर पहिलं काम ते केलं. गरम फिल्मच्या वर अर्ध्या सेंटिमीटरवर एक कोरी काच ठेवली. अर्ध्या तासाने ती पांढऱ्या कागदावर धरली तर गुलाबी झाक स्पष्ट होती. माझा डाय फिल्ममधून उडून चालला होता, आणि मी वहीत 'रेणू रांगेत आले' असं लिहीत होते.

आता माझ्याकडे विद्यार्थी येतात ते बहुतेक एकच प्रश्न घेऊन: मॅडम, कुठला नवा क्रोमोफोर (डायचा रेणू) घेऊ म्हणजे आर-३३ वाढेल? माझं उत्तर ठरलेलं आहे. हातात आहे त्या रेणूचा हिशोब आधी लावा. किती घातला, किती उरला, उरलेल्यातला किती रांगेत आला, आणि रांगेत आलेला किती दिवस टिकला. हंडा गळका असेल तर मोठा नळ जोडून काय होणार?

हिशोब कशाचा

व्होल्टेज दिलं की त्या प्रमाणात अपवर्तनांक बदलतो, हा पॉकेल्स परिणाम. फ्रिडरिश पॉकेल्स यांनी तो १८९३ मध्ये मांडला. आर-३३ हा त्याचा आकडा, एकक पिकोमीटर प्रति व्होल्ट. उद्योगात वर्षानुवर्षं चालत आलेल्या लिथियम नायोबेटचा आर-३३ सुमारे ३१ आहे. सेंद्रिय पदार्थाची ओढ दोन गोष्टींमुळे. एक तर रेणूतले इलेक्ट्रॉन हलतात, अणू हलावे लागत नाहीत, त्यामुळे प्रतिसाद फार जलद मिळतो. दुसरं म्हणजे पॉलिमरमध्ये विद्युत लहर आणि प्रकाश जवळजवळ एकाच वेगाने जातात, त्यामुळे मॉड्युलेटरमध्ये, म्हणजे विद्युत संदेश प्रकाशावर चढवणाऱ्या उपकरणात, दोघांची साथ सुटत नाही.

सेंद्रिय फिल्मचा आर-३३ तीन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: एका घन सेंटिमीटरमध्ये किती क्रोमोफोर आहेत, एकेक क्रोमोफोर किती जोरकस आहे, आणि ते सरासरी किती उभे आहेत. गुणाकार असल्यामुळे एक जरी निम्मा झाला तरी सगळंच निम्मं होतं. मधला आकडा रसायनशास्त्रज्ञ ठरवतो. उरलेले दोन फिल्म बनवणाऱ्याच्या हातात असतात आणि ते दोन्ही त्याच्याकडूनच वाया जातात.

मी डिस्पर्स रेड वन आणि पीएमएमए या जोडीवर लिहिते आहे. पीएमएमए म्हणजे आपलं ऍक्रिलिक. यातून आर-३३ एक आकडीच मिळतो, पण हाताला वळण लावायला याहून चांगली जोडी नाही. स्वस्त आहे, आणि इथे होणारी प्रत्येक चूक पुढे महागड्या रेणूवर तशीच होते.

फिल्म: इथेच निम्मी लढाई

पहिली दोन वर्षं मी डाय आणि पॉलिमर विरघळवायला क्लोरोफॉर्म आणि टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) ही द्रावकं वापरत होते. दोन्ही झपाट्याने उडतात. जून उजाडला की फिल्म दुधाळ यायला लागायची. द्रावक वेगाने उडताना काच थंड होते, आणि पुण्याच्या पावसाळी हवेतली वाफ तिच्यावर धरते. पाण्याचे ते बारीक थेंब फिल्ममध्ये खड्डे ठेवून जातात. डोळ्याला नुसती धुरकट दिसणारी ही फिल्म पुढे पोलिंगमध्ये जळते, कारण खड्ड्यापाशी जाडी कमी आणि विद्युतक्षेत्र जास्त. सायक्लोपेंटॅनोनवर आल्यापासून हा त्रास जवळजवळ संपला. ते १३० अंशांना उकळतं, सावकाश उडतं, फिल्म सपाट बसते. क्लोरोबेंझीनही चालतं. तरीही जुलै-ऑगस्टमध्ये मी स्पिन कोटरच्या (काच गरागरा फिरवून द्रावण पसरवणाऱ्या यंत्राच्या) झाकणातून कोरडा नायट्रोजन सोडते.

द्रावण ०.२ मायक्रॉनच्या पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरमधून गाळून घ्या, आणि गाळलेलं द्रावण थेट काचेवर टाका, मधे दुसऱ्या बाटलीत ओतू नका. धुळीचा एक कण म्हणजे पोलिंगमध्ये एक ठिणगी. आयटीओची, म्हणजे वीज वाहणारा पारदर्शक थर असलेली, काच साबण, पाणी, ऍसिटोन, आयसोप्रोपेनॉल अशी अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायची, हे कुणी सांगायला नको. सांगावं लागतं ते असं, की धुतलेली काच त्याच दिवशी वापरा.

जाडी दोन मायक्रॉनच्या आसपास ठेवा. फार पातळ झाली तर छिद्रांची भीती, फार जाड झाली तर व्होल्टेज परवडत नाही.

वाळवणं ही गोष्ट मुलं घाईने उरकतात. आत राहिलेलं द्रावक दोन प्रकारे नडतं: फिल्म मऊ ठेवतं, त्यामुळे उभे केलेले रेणू लवकर ढेपाळतात, आणि आतून करंट वाहू देतं. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा, पण इथे काकांचं वाक्य आठवा. व्हॅक्यूममध्ये डिस्पर्स रेड आणखी सहज उडतो. मी ६० अंशांच्या वर जात नाही. वाळवण्याआधी आणि नंतर शोषणाचा आलेख काढते, ४९० नॅनोमीटरजवळच्या शिखराची उंची वहीत लिहिते. दोन आकडे जुळले तरच पुढे जायचं.

डाय किती घालायचा

जास्त डाय म्हणजे जास्त सिग्नल, हे थोड्या अंतरापर्यंतच खरं आहे. एकदा कागदावर आकडेमोड करून बघा, मग कुणाला विचारावं लागणार नाही.

वजनाने १० टक्के डाय, रेणुभार ३१४, पीएमएमएची घनता सुमारे १.२. म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २.३ गुणिले १० चा २० वा घात इतके रेणू. त्यावरून दोन रेणूंमधलं सरासरी अंतर येतं १.६ नॅनोमीटर. रेणूची स्वतःची लांबीच एक नॅनोमीटरच्या वर आहे. म्हणजे दहा टक्क्यांनाच ते एकमेकांच्या अंगाला लागलेत. त्यांचा द्विध्रुव आघूर्ण (रेणूच्या दोन टोकांमधल्या धन-ऋण भाराच्या तफावतीचं माप, एकक डिबाय) ९ डिबाय धरला, तर या अंतरावर दोघांमधली ओढ येते सुमारे १.९ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल. पोलिंगच्या तापमानाला उष्णतेची ऊर्जा, म्हणजे केटी, आहे त्याच घातात ५.१. दहा टक्क्यांना उष्णता वरचढ आहे. डाय ३० टक्के करा, ओढ तिप्पट होते आणि दोघी बरोबरीला येतात. मग रेणू एकमेकांना उलटे चिकटून बसतात, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी. अशा जोडीचा आर-३३ मधला वाटा शून्य.

चांगल्या, जोरकस रेणूंचा आघूर्ण २५ डिबायच्या आसपास असतो. ओढ आघूर्णाच्या वर्गाने वाढते. त्याच १.६ नॅनोमीटरवर ती केटीच्या पावणेतीन पट होते. म्हणून नवा रेणू आणला की जुनं प्रमाण डोळे मिटून वापरू नका. ५, १०, १५, २० टक्के अशा फिल्म करा, आर-३३ चा आलेख काढा. तो चढतो, वळतो, उतरतो. वळणाची जागा सापडली की तिथेच थांबा.

माझ्या हातून डिस्पर्स रेडची २० टक्क्यांची फिल्म कधीच स्वच्छ आली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपके दिसतात. डाय पॉलिमरमधून वेगळा होऊन बसलेला असतो. याहून जास्त हवाच असेल तर डाय साखळीला रासायनिक बंधाने जोडून टाका. या रेणूच्या शेपटीला हायड्रॉक्सिल गट आहे, त्यावर मेथाक्रिलेट जोडून एमएमएसोबत (पीएमएमए ज्यापासून बनतो तो रेणू) पॉलिमर करता येतो. एका दगडात तीन पक्षी: डाय वेगळा होत नाही, उडत नाही, आणि टीजीही, म्हणजे पॉलिमर ज्या तापमानाला मऊ पडतो ते, खाली घसरत नाही.

पोलिंग

शंभर व्होल्ट प्रति मायक्रॉन हे ऐकायला प्रचंड वाटतं. पण ९ डिबायच्या रेणूवर त्याची पकड केटीच्या सहा दशांश इतकीच येते. साधं गणित सांगतं की उभं असण्याची सरासरी याच्या एक पंचमांश, म्हणजे ०.१२. सगळे ताठ उभे राहिले असते तर ती १ असती. हा ०.१२ किती अशक्त आहे ते लक्षात घ्या, म्हणजे तो जपायला एवढी धडपड का करायची ते कळेल.

पद्धती दोन. कोरोना पोलिंगमध्ये सुईला काही हजार व्होल्ट देऊन हवेतले आयन फिल्मवर सोडतात. वरून इलेक्ट्रोड लागत नाही, फिल्मचा मोठा भाग पोल होतो, एखादं छिद्र असलं तरी सगळी फिल्म जात नाही. पण पृष्ठभाग खरखरीत होतो, आत नेमकं विद्युतक्षेत्र किती ते कळत नाही, आणि उघड्या फिल्ममधून डाय उडतो. आकडा खात्रीचा हवा असेल तर कॉन्टॅक्ट पोलिंग करा: खाली आयटीओ, वर सोन्याचा पातळ थर. सोन्याच्या झाकणाखालून डायही जात नाही.

तापमान टीजीच्या आसपास. शुद्ध पीएमएमएचा टीजी १०५ च्या जवळ, पण डाय घातला की खाली येतो; माझ्या १० टक्के मिश्रणाचा डीएससीवर (तापवताना नमुना किती उष्णता घेतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ९० आला. पुस्तकातला आकडा घेऊ नका, आपल्या मिश्रणाचाच मोजा. आधी थोडं व्होल्टेज द्या, मग गरम करत न्या, मग व्होल्टेज दहा-दहाने वाढवा. सोबत एक मेगाओहमचा रोध मालिकेत जोडा. ठिणगी पडली तर वीजपुरवठा वाचतो आणि बहुतेक वेळा नमुनाही.

सगळ्यात जास्त लक्ष करंटवर ठेवा. मी दर अर्ध्या मिनिटाला तो लिहिते. सावकाश चढला तर ठीक. एकदम उसळी मारली तर व्होल्टेज मागे घ्या. इलेक्ट्रोडमधून फिल्ममध्ये भार शिरत असेल तर रेणूंना मिळणारं क्षेत्र तुमच्या मीटरवरच्या आकड्याहून कमी असतं. यावर चांगला उपाय म्हणजे आयटीओ आणि फिल्मच्या मधे अडसराचा अतिशय पातळ थर. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अ‍ॅलेक्स जेन यांच्या गटाने टायटॅनियम डायऑक्साइडचा असा थर वापरून करंट दाबला आणि त्याच पदार्थातून जास्त आर-३३ काढला. रेणू तोच, पॉलिमर तोच. मला या कामाचं फार अप्रूप आहे, कारण सोल-जेल पद्धतीने (द्रावण पसरवून तापवून) हा थर कुठल्याही साध्या लॅबमध्ये घालता येतो.

दहा मिनिटं धरून ठेवा आणि मग थंड करा, क्षेत्र चालू ठेवून, तीसच्या खाली येईपर्यंत. हा क्रम चुकला की सगळं वाया. एका एप्रिलमध्ये दुपारी तीनला वीज गेली. उच्च दाबाचा पुरवठा त्याच क्षणी बंद पडला. जाड पितळी ठोकळा मात्र वीस मिनिटं गरमच होता. मऊ फिल्म, क्षेत्र शून्य. त्या नमुन्यातून काहीच मिळालं नाही. तेव्हापासून हीटर थेट भिंतीच्या प्लगवर आणि पोलिंगचा पुरवठा यूपीएसवर. वीज गेली तर ठोकळा क्षेत्राखालीच थंड होतो. महाराष्ट्रात काम करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

आणि जुळी फिल्म. प्रत्येक नमुन्यासोबत त्याच काचेचा अर्धा तुकडा त्याच ठोकळ्यावर ठेवा, तितकाच वेळ, तितक्याच तापमानाला, फक्त क्षेत्र देऊ नका. कोरोना केलेल्या अर्ध्याचं शोषण २५ टक्के उतरलं आणि जुळ्याचं २० टक्के, तर रांगेचा वाटा साधारण पाचच टक्के. माझ्या त्या तीन महिन्यांच्या फिल्मची गत जवळपास हीच होती. उलट तपासणीही करा: पोल केलेली फिल्म क्षेत्राविना थोडा वेळ टीजीच्या वर तापवा. रेणू विस्कटतात, शोषण परत चढतं. जे परत येत नाही तो डाय गेला.

मोजताना

टेंग आणि मॅन यांनी १९९० मध्ये मांडलेली परावर्तनाची पद्धत सगळीकडे चालते, कारण मांडणी सोपी आहे: लेसर, ४५ अंशांचा ध्रुवक, नमुना, कॉम्पेन्सेटर (दोन ध्रुवणांमधला कलेचा फरक बदलणारा), दुसरा ध्रुवक, डिटेक्टर, लॉक-इन (गोंगाटातून बारीक सिग्नल वेचणारं यंत्र). सोपी म्हणूनच तिच्यावर लगेच विश्वास बसतो. डिस्पर्स रेडच्या फिल्मला दहा व्होल्ट दिले तर प्रकाशाच्या तीव्रतेतला बदल हजारात एक भागाहूनही खूप कमी असतो. इतक्या बारीक सिग्नलमध्ये काहीही मिसळतं.

मी चार गोष्टी तपासल्याशिवाय आकडा मान्य करत नाही. कॉम्पेन्सेटर फिरवत अर्ध्या तीव्रतेच्या दोन्ही बाजूंना सिग्नल सारखा आणि उलट चिन्हाचा यायला हवा. कमाल आणि किमान तीव्रतेपाशी तो शून्य हवा. तिथे उरत असेल तर फिल्मचं शोषणच व्होल्टेजने हलतंय. व्होल्टेज दुप्पट केलं की सिग्नल बरोबर दुप्पट. आणि पोल न केलेल्या जुळ्याला शून्य. हा शेवटचा मुद्दा मुलं टाळतात, आणि नेमका तोच डोळे उघडतो.

या पद्धतीत आर-३३ हा आर-१३ च्या (विद्युतक्षेत्राला आडव्या ध्रुवणाच्या प्रकाशासाठीच्या तशाच आकड्याच्या) तिप्पट आहे असं आधीच धरलेलं असतं. अशक्त रांगेसाठी ते चालतं. रांग चांगली जमली की हे गृहीतकच डगमगतं. ६३३ नॅनोमीटरला डिस्पर्स रेडचं शोषण अजून फार दूर नसतं, त्यामुळे तिथला आकडा फुगलेला येतो. १३१० किंवा १५५० ला मोजला तर कमी येईल, पण कामाचा तो. आणि त्या तरंगलांबीला आयटीओ स्वतः प्रकाश खायला लागतो, तेव्हा पातळ, कमी वाहक आयटीओ घ्या.

आता रेणू बदला

एवढं सगळं जमलं की नव्या रेणूचं बोला. तेव्हाच त्याची किंमत वसूल होते. २००० साली रसायनशास्त्रज्ञ लॅरी डाल्टन आणि सहकाऱ्यांनी रेणूच्या अंगाला भरीव गट जोडून त्याला गोलसर केलं, म्हणजे उलट्या जोड्या जमायला जागाच उरू नये. त्या पॉलिमरच्या मॉड्युलेटरला प्रकाशाची कला (फेज) पूर्ण अर्ध्या फेऱ्याने फिरवायला एका व्होल्टहून कमी दाब पुरला. वर कागदावर मांडलेल्या त्या ओढीवरच त्यांनी घाव घातला होता. हाच धागा पुढे जेआरडी-१ सारख्या रेणूंपर्यंत आला, ज्यांना पॉलिमरची गरजही उरली नाही. निव्वळ क्रोमोफोरचाच काचेसारखा घट्ट थर. २०१८ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहच्या संशोधकांनी सिलिकॉनच्या अरुंद फटीत जेआरडी-१ भरून उपकरणातच ३९० चा आर-३३ दाखवला. लिथियम नायोबेटच्या बारापट.

पण अशा थराचा टीजी कमी असला तर हे सारं वैभव काही आठवड्यांत ओसरतं. टिकाऊपणासाठी टीजी उंच असलेला पॉलिमर घ्या, किंवा पोलिंग चालू असतानाच रेणू एकमेकांना बांधा. अँथ्रासीन आणि मॅलेइमाइड हे गट पोलिंगच्या तापमानाला डील्स-आल्डर अभिक्रियेने जुळतात, आणि उभे असलेले रेणू उभेच कुलूपबंद होतात. इथे वेळ साधावी लागते: गाठी आधी पडल्या तर रेणू फिरणार नाहीत, उशिरा पडल्या तर उष्णतेने विस्कटतील. तापमान सावकाश, टप्प्याटप्प्याने चढवत हे जमतं.

प्रकाशाचंही बघा. डिस्पर्स रेडचा रेणू हिरव्या-निळ्या प्रकाशात वाकतो, परत सरळ होतो, आणि प्रत्येक वेळी थोडा फिरतो. पोल केलेली फिल्म खिडकीजवळ ठेवली तर रांग मोडायला ऊनच पुरे. शिवाय उजेड आणि ऑक्सिजन एकत्र आले की डाय कायमचा विटतो.

माझे नमुने काळ्या कागदात गुंडाळून डेसिकेटरमध्ये असतात. प्रत्येकावर पोलिंगची तारीख, व्होल्ट प्रति मायक्रॉन, सर्वाधिक करंट आणि जुळ्याचा क्रमांक. त्याच दिवशी, आठव्या दिवशी आणि तिसाव्या दिवशी आर-३३ मोजायचा, आणि अहवालात तिसाव्या दिवसाचा आकडा लिहायचा.